मुलाला बसचं टाइमटेबल पाठ आहे, त्याला नोकरी कुठे मिळेल?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मुलगा २३ वर्षांचा, ऑटिझम, बोलतो पण मोजकं. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण वर्गासमोर प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली. सिटीलिंकच्या बसेसचं टाइमटेबल तोंडपाठ, कुठलीही तारीख सांगा, वार सांगतो. एक्सेल घरी बसून स्वतःच शिकला. तीन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडे "कळवतो" म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. मामा म्हणतात आयटीत टाका, अशी मुलं कॉम्प्युटरमध्ये हुशार असतात. तर ऑटिझम असलेल्या मुलांसाठी कोणत्या नोकऱ्या चांगल्या?

ताई, मी पुण्यात हे काम सतरा वर्षं करतेय. आधी स्पेशल स्कूलच्या व्होकेशनल सेक्शनला होते, मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या वगैरे. नंतर कंटाळून बाहेर पडले आणि आता मुलांना घेऊन खऱ्या कंपन्यांची, दुकानांची, ऑफिसांची दारं ठोठावते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते पुस्तकातलं कमी आणि ठेच लागून आलेलं जास्त आहे. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगते. त्याला आवाजाचा किती त्रास होतो, फिट येतात का, एकटा प्रवास करतो का, सकाळचा माणूस आहे की रात्रीचा, यातलं काहीही वेगळं निघालं तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा हे औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचू नका.

आणि एक, मी स्वमग्न हा शब्द वापरत नाही. सरकारी कागदावर असतो म्हणून लिहावा लागतो तेवढाच. त्यातल्या "मग्न"मुळे लोकांना वाटतं पोरगं स्वतःतच रमलंय, त्याला बाहेरचं काही नको. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना बाहेरचं हवं असतं, फक्त ते इतकं एकदम अंगावर आलेलं नको असतं.

आता तुमचा प्रश्न. "ऑटिझमसाठी चांगली नोकरी कोणती" याला उत्तर नाही, जसं "डायबेटिस असलेल्यांसाठी चांगली नोकरी कोणती" याला नाही. एकाच वयाची, एकाच डॉक्टरचं सर्टिफिकेट असलेली दोन मुलं माझ्याकडे आली होती. एकाला गर्दीच्या किराणा दुकानात शेल्फ लावायला मजा यायची, दुसरा त्याच दुकानातल्या फ्रीजच्या घरघरीनं वीस मिनिटांत कान दाबून खाली बसला. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे की या एका मुलाचे कुठल्या जागेतले कुठले तास चांगले जातील, आणि तिथपर्यंत इंटरव्ह्यूचं दार न ओलांडता कसं पोचायचं.

इंटरव्ह्यूचं आधी संपवते. इंटरव्ह्यूत कामाची परीक्षा नसतेच. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून, स्वतःची थोडी वाढवून स्तुती करत, प्रश्नामागचा प्रश्न ओळखायचा, ही ती परीक्षा. म्हणजे नेमकं जे याला जमत नाही तेवढंच तपासतात. माझ्या एका मुलाला विचारलं, तुमचा वीकनेस काय? तो म्हणाला, मला सकाळी लवकर जाग येत नाही आणि तुमच्या केबिनमध्ये वास येतोय. दोन्ही खरं होतं हो! केबिनमध्ये एसीचं पाणी गळून कार्पेट कुजलं होतं. नोकरी अर्थातच नाही मिळाली.

म्हणून मी कंपन्यांना सांगते की इंटरव्ह्यू नको, पाच दिवस काम देऊन बघा. ही कल्पना काही माझी नाही. डेन्मार्कमध्ये थोरकिल सोने नावाचा टेलिकॉम कंपनीतला माणूस, त्याच्या मुलाला ऑटिझम, त्यानं २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली. तिथे उमेदवारांना प्रश्न विचारत बसण्याऐवजी लेगोचे रोबो बनवायला द्यायचे आणि कोण कसं काम करतो ते बघायचे. २०१३ मध्ये सॅप या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं त्यांच्याबरोबर करार केला, आणि त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एक आपल्या बेंगळुरूची होती. सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी ऑटिस्टिक माणसं घेतली अशा बातम्या तेव्हा खूप आल्या, आणि मुलाच्या मामांच्या डोक्यात जे आयटी बसलंय ते बहुधा तिथून आलेलं आहे.

बातमी खरी होती, तिच्यावरून लोकांनी काढलेला अर्थ चुकला. माझ्याकडे इतक्या वर्षांत आलेल्यांपैकी कोडिंग किंवा टेस्टिंगमध्ये खरोखर टिकलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. कारण टेस्टिंग म्हणजे नुसती चूक शोधणं नसतं. रोज सकाळी उभं राहून मीटिंग, दर पंधरा दिवसांनी बदललेली रिक्वायरमेंट, आणि "हा बग नाहीये, असंच ठेवायचं ठरलंय" हे ऐकून घेणं. शेवटचं सगळ्यात अवघड.

आता टाइमटेबलकडे येते. पालक मला मुलाची आवड सांगतात ती नामांत: बस, ट्रेन, पंखे, झेंडे, डायनोसोर. मी विचारते क्रियापद. तो बसच्या टाइमटेबलचं *करतो* काय? कारण टाइमटेबल पाठ असलेली मुलं मी कितीतरी पाहिली आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. एकाला ते शब्द म्हणायला आवडायचे, निमाणी, शालिमार, द्वारका, जसं आपण रामरक्षा म्हणतो तसं, त्याला अर्थाशी घेणंदेणं नव्हतं. एकजण जुनं आणि नवं टाइमटेबल शेजारी ठेवून कुठे पाच मिनिटं बदलली ते काढायचा. एक स्टॉपवर उभा राहून प्रत्यक्ष बस किती वाजता आली ते वहीत लिहायचा, म्हणजे त्याची खरी आवड नोंद ठेवण्याची. आणि एक मुलगी, तिला बाहेर जायची भीती वाटायची म्हणून ती सगळ्या परतीच्या बसेस पाठ करायची, अडकले तर घरी कसं यायचं याची तयारी म्हणून. नाम चौघांचं एकच, पण पहिल्याला मी पाठांतराच्या नादी लावणार नाही, दुसऱ्याला ताळे जुळवायच्या कामाला पाठवीन, तिसऱ्याला स्टोअरमध्ये किंवा गेटवर आवक-जावक नोंदीला, आणि चौथीला आधी नोकरी नाही, आधी प्रवास.

तारीख सांगितली की वार सांगणं मात्र बाजूला ठेवा. लग्नात पाहुणे टाळ्या वाजवतात, पोराची सर्कस होते आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. मोबाइलमध्ये कॅलेंडर आहे.

मग क्रियापद शोधायचं कसं? मी पालकांना दोन आठवडे एक वही लिहायला सांगते, आणि गुणांची यादी नको म्हणते. गुण सगळे सारखेच लिहून आणतात, प्रामाणिक, नीटनेटका, स्मरणशक्ती चांगली. मला तक्रारींची यादी हवी असते. तो घरात काय करून तुम्हाला वैताग आणतो? कामाची माहिती तिथे असते.

एक मुलगी होती, २६ वर्षांची, बोलणं फार थोडं. आईची तक्रार अशी की ही रद्दी देऊ देत नाही. पेपर तारखेनं लावून ठेवते, मधला एखादा गहाळ असेल तर शेजारी जाऊन मागते, आणि कुणी तिच्या नकळत दोन पेपरांची अदलाबदल केली तर तिला दारातूनच कळतं. आई हे रडकुंडीला येऊन सांगत होती आणि मी मनात एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमचं दार उघडत होते. तिथे पेशंटच्या फायली शेवटच्या दोन आकड्यांवरून लावतात, म्हणजे ४८२१७३ ही फाइल आधी ७३ च्या रॅकवर, तिथे २१ च्या कप्प्यात, मग ४८ व्या जागी. नवीन माणसाला हे उलटं वाचायला पंधरा दिवस लागतात आणि तरी तो चुकतो, आणि चुकलेली फाइल म्हणजे हरवलेली फाइल. हिला मी रंगीत पट्ट्या लावून दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्या हातातली फाइल घेतली, लावली, आणि मग त्याच रॅकमधून दुसऱ्या तीन फायली ओढून काढल्या. मला वाटलं बिघडलं काहीतरी. त्या तीन चुकीच्या जागी लागलेल्या होत्या, तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे कधीपासून कुणास ठाऊक.

हिच्या सर्टिफिकेटवर बुद्ध्यांक इतका कमी लिहिलेला होता की एका संस्थेनं तिला प्रवेशच नाकारला होता. याबद्दल एक गोष्ट पालकांना माहीत असायला हवी. बुद्धीच्या नेहमीच्या चाचण्यांत बोलून उत्तर द्यायचं, सूचना ऐकून कळायची असा भाग मोठा असतो. कॅनडात मॉन्ट्रियलला मिशेल डॉसन (या स्वतः ऑटिस्टिक आहेत) आणि लॉराँ मॉट्रॉन यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की तीच ऑटिस्टिक मुलं रेव्हनच्या चाचणीत, म्हणजे आकृत्यांतला पॅटर्न पूर्ण करा अशा चाचणीत, वेक्सलरच्या, म्हणजे त्या नेहमीच्या चाचणीपेक्षा सरासरी ३० पर्सेंटाइलनं वर जातात. आपल्याकडे सर्टिफिकेटसाठी ऑटिझम किती ते मोजणारं जे आयएसएए वापरतात, ४० मुद्दे आणि प्रत्येकाला १ ते ५ मार्क, तेही त्रास किती हेच मोजतं, आणि त्यासाठीच ते बनवलंय. हातात काय आहे ते त्यातून दिसत नाही. तेव्हा सर्टिफिकेट काढा, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, ते लागतंच, पण ते वाचून मुलाचं काम ठरवू नका.

आता उलटी बाजू, कारण "बारकाईनं बघतात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता धडकी भरते. भोसरीत एक छोटं रबर मोल्डिंगचं युनिट आहे. ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, तपासायला माणूस हवा होता. मोल्डमधून निघालेल्या रिंगला कडेनं रबराची पातळ जास्तीची कड राहते, तिला फ्लॅश म्हणतात, ती बघायची, कुठे मोल्ड अर्धवट भरलंय का बघायचं, चांगली हिरव्या बिनमध्ये, खराब लाल बिनमध्ये. माझा मुलगा भिंगाखाली एक एक रिंग फिरवत बसला. नजर अशी की मालक खूश. दुपारपर्यंत लाल बिन भरून वाहायला लागला आणि हिरव्याचा तळ दिसत होता. मालकांचा चेहरा पडला, मला म्हणाले, मॅडम, याच्या हिशेबानं मी धंदा बंद करायला पाहिजे.

चूक त्याची नव्हती. फ्लॅश अमुक एवढा चालतो असं कस्टमरच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं, पण ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकीच्या बायकांना ते शेजारणीकडे बघून, सुपरवायझरचं तोंड बघून आपोआप कळलेलं होतं. याला सांगितलं होतं "फ्लॅश असेल तर रिजेक्ट", आणि तो प्रामाणिकपणे तेच करत होता. दुसऱ्या दिवशी क्वालिटीवाल्यांनी एका पुठ्ठ्यावर सहा रिंग चिकटवल्या, तीन चालणाऱ्या, तीन न चालणाऱ्या, आणि मधोमध मार्करनं जाड रेघ. शॉपफ्लोअरवर याला लिमिट सॅम्पल म्हणतात, कित्येक कंपन्यांत असतंच. तरी एक अडचण उरली. रेघेच्या अगदी जवळची रिंग आली की तो ती हातात धरून दहा-दहा मिनिटं बसायचा. मग पिवळा बिन आला, "शंका" असं लिहून, आणि चार वाजता सुपरवायझर येऊन पिवळ्याचा निकाल लावणार. त्या पिवळ्या बिननं त्याची नोकरी वाचवली असं मी अजून मानते. आठ तासांऐवजी चार तास ठरवले, कारण चार तासांनंतर नजर तशीच राहायची पण घरी गेल्यावर तो भिंतीवर डोकं आपटायचा.

म्हणजे बारकाईची नजर सुटी विकता येत नाही. तिच्याबरोबर "कुठे थांबायचं" हे कुणीतरी वस्तूच्या रूपात समोर ठेवावं लागतं. ते ठेवायला तयार नसलेल्या जागी कितीही योग्य काम असलं तरी मी मुलाला पाठवत नाही.

आणि जागेबद्दल बोलतेय तर माझी स्वतःची मोठी चूक सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी एका मुलाला एका कंपनीत डेटा एन्ट्रीला लावलं. टायपिंग उत्तम, काम सोपं, एचआर गोड बोलणारी. जागा मी जाऊन बघून आले होते, शांत, स्वच्छ. फक्त मी गेले होते शनिवारी दुपारी! सोमवारी त्याच हॉलमध्ये शेजारी फोनवर वसुली करणारी टीम बसायची. तरी त्यानं ते निभावलं, हेडफोन लावून. पण अकराव्या दिवशी तो घरी चक्कर येऊन पडला. खूप दिवसांनी, तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं की तिथल्या टॉयलेटमध्ये हात वाळवायचं मशीन होतं, जवळ गेलं की आपोआप सुरू होणारं. त्या आवाजाला घाबरून तो टॉयलेटला जात नव्हता, आणि जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नव्हता. कामात एकही चूक नव्हती. अकरा दिवसांत कुणी, मी धरून, त्याला विचारलं नाही की तू टॉयलेटला जातोस का. त्यानंतर तो दीड वर्ष कुठल्याच ऑफिसात पाय ठेवायला तयार नव्हता.

तेव्हापासून मी जागा बघायला जाते ती गर्दीच्या वेळी, तासभर काही न करता बसते, तिथलं टॉयलेट वापरते, कँटीनमध्ये जेवते. लोकांना वाटतं बाई विचित्र आहे. पण नोकऱ्या बहुतेक वेळा कामावरून सुटत नाहीत, कामाच्या आजूबाजूच्या गोष्टींवरून सुटतात. डबा कुठे खायचा, सुट्टीच्या आदल्या दिवशी लवकर सोडतात ते कुणी सांगायचं, वाढदिवसाला तोंडाला केक फासतात त्याचं काय, आणि सगळ्यात घातक म्हणजे साहेब बदलणं. म्हणून मी कंपनीपेक्षा त्या कंपनीतला एक माणूस शोधते. शक्यतो एचआरचा नको, बाजूच्या टेबलावरचा, जो स्वतः दहा वर्षं तिथेच आहे आणि कमी बोलतो. असा माणूस सापडला की पगार पाचशे कमी असला तरी मी हो म्हणते.

तर आत्तापर्यंतचं एका दमात: मुलाचं क्रियापद शोधा, ते तक्रारींत सापडेल, मग त्या क्रियापदाला जोडून "कुठे थांबायचं" याची खूण देणारी जागा शोधा, आणि ती जागा सोमवारी अकरा वाजता बघा.

तुमच्या मुलाबद्दल माझा अंदाज सांगू का, चुकू शकतो. बी.कॉम. अर्धं, एक्सेल येतं, टाइमटेबलवर जीव. तो जर वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे दोन याद्या जुळवणारा असेल, तर मी कुठल्याही जाहिरातीला अर्ज न करता नाशिकमधल्या एखाद्या मध्यम सीएच्या ऑफिसात जाईन. "व्हेकन्सी आहे का" असं विचारणार नाही, त्याचं उत्तर नाहीच येतं. विचारायचं, तुमच्याकडे कुठलं काम कायम मागे पडतं? जीएसटी बघणाऱ्या ऑफिसात उत्तर बहुधा एकच येईल, टू-बी मॅचिंग. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, क्लायंटच्या सप्लायरनी कुठली बिलं दाखवली त्याची यादी. ती क्लायंटच्या परचेस रजिस्टरशी जुळवायची, आणि महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची २० तारीख असते, म्हणजे सहा दिवस ऑफिसात नुसती धावपळ. आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात शिकणारी, मुलं हे काम एकमेकांवर ढकलतात. सॉफ्टवेअर बरंचसं जुळवून देतं, पण उरलेलं हातानंच बघावं लागतं. इकडे बिल नंबर ०१२३, तिकडे १२३, इकडे पुढे वर्ष लावलंय, तिकडे नाही, कुणाचा जीएसटी नंबर एका अक्षरानं चुकलाय.

हे काम म्हणजे दोन टाइमटेबलं शेजारी ठेवून पाच मिनिटांचा फरक काढणं. पण ते मी त्याला अख्खं देणार नाही. सप्लायरला फोन करणं त्याच्याकडे नको, "न जुळलेल्या" यादीवर त्याचं काम संपलं आणि ती यादी कुणाच्या हातात द्यायची त्या माणसाचं नाव ठरलेलं हवं. लिमिट सॅम्पल इथेही लागेल, एका कागदावर: पुढचं शून्य सोडून द्यायचं, एक रुपयापर्यंतचा फरक सोडायचा की नाही ते ऑफिसनं ठरवायचं, आणि एक्सेलमध्ये पिवळा रंग म्हणजे शंका. सुरुवात एका क्लायंटच्या मागच्या, होऊन गेलेल्या महिन्यापासून, म्हणजे चुकलं तरी कुणाचं नुकसान नाही आणि उत्तर ताडून बघता येतं. रोज तीन तास, सकाळचे. आणि १४ ते २० त्याला बोलवायचं की उलट तेव्हाच बोलवायचं नाही, हे त्याच्याकडे बघून ठरेल. काही जणांना डेडलाइनची ऊर्जा आवडते, बहुतेकांना नाही. न आवडणाऱ्यांना बाकीचा महिनाभर मागचं साफ करायला पुष्कळ काम असतं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या पालकांना वाटेल आमचं मूल तर एवढं बोलतही नाही, एक्सेल कुठलं. त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या माणसानं १९७० च्या दशकात, ज्यांना काही येणार नाही असं समजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसवलं होतं अशांना, सायकलचा ब्रेक अख्खा जोडायला शिकवला, फारसं न बोलता, काम बारीक पायऱ्यांत तोडून आणि सुटे भाग ओळीनं मांडून. आम्ही आजही तेच करतो. डावीकडे भरलेला ट्रे, मध्ये खाचा पाडलेला लाकडी साचा, चार स्क्रू आणि दोन वॉशर बसले की साचा भरला, पिशवीत ओतायचं, उजवीकडे ठेवायचं, डावीकडचं संपलं की काम संपलं. मोजता न येणारा मुलगा यात चुकत नाही, कारण मोजायचं काम साचा करतो. आणि सगळ्यांना आतल्या खोलीतलीच कामं आवडतात असंही नाही हं. मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे, तिथे ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली मोठी माणसं ग्राहकांना हाताळतात. ठरलेली वाक्यं, ठरलेला क्रम असेल तर माणसांत काम करायला आवडणारी मुलं माझ्याकडेही आहेत. एकजण तर सोसायटीच्या गेटवर "कुणाकडे जायचंय" विचारण्यात इतका कडक आहे की चेअरमनलाही रजिस्टरमध्ये सही करायला लावतो.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. सर्टिफिकेटवर किमान ४० टक्के लागतात. फॉर्म जरूर भरा, पण त्या आशेवर पाच वर्षं घरी बसवू नका. खासगी कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरण आणि त्यासाठी नेमलेला अधिकारी असायला हवा असं नियम सांगतात. ते धोरण मागून बघा, निदान दार कुणाचं ठोठवायचं ते कळतं.

ऑटिझम आहे हे सांगायचं की लपवायचं, हा प्रश्न येणारच. मी सांगते, पण डॉक्टरांनी केलेलं निदान समजावत बसत नाही. अर्ध्या पानाची चिठ्ठी देते, त्याला काम कसं सांगायचं याची. "एका वेळी एक सूचना, शक्यतो लिहून. 'जरा बघून घे' म्हणू नका, काय बघायचं ते सांगा. तो मान वर न करता ऐकतो, ते ऐकणंच आहे. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा." चिठ्ठी मुलाबरोबर बसून लिहा, त्याला ज्या ओळी नको असतील त्या काढा. त्याच्याबद्दलचा कागद आहे, त्याची परवानगी लागते.

पैशाचंही आधीच ठरवा. "सवय तरी होईल" म्हणून हजार-दीड हजारावर तीन वर्षं वापरून घेणारे भेटतात, आणि आपण पालक उपकार झाल्यासारखे वाकतो. ट्रायलचे दिवस कागदावर लिहून घ्या, त्यानंतर जे काम तेवढ्याच तासांसाठी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं तोच दर.

आणि ताई, पहिले पंधरा दिवस मी किंवा माझ्यासारखं कुणी शेजारी बसेल, मग एक टेबल सोडून, मग रिसेप्शनला, मग फक्त शुक्रवारी. तुम्ही मात्र ऑफिसात बसायचं नाही आणि दर तासाला फोनही करायचा नाही, हे कठीण आहे, मला माहितेय. तुम्ही प्रवास करून घ्या, नोकरी लागायच्या आधी, त्याच वेळेला, आणि एकदा मुद्दाम नेहमीची बस सोडून. नाशिकला तर २०२७ च्या कुंभमेळ्यात रस्ते बदलतीलच, तेव्हा टाइमटेबल पाठ असलेल्या मुलाला "आज टाइमटेबल लागू नाही" याचा सराव आत्तापासून हवा.

आता तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवीय, ती कळली की पुढचं बोलू. स्टॉपवर लावलेल्या वेळापत्रकात त्याला कधी चूक सापडलीय का? सापडली तेव्हा त्यानं काय केलं, चिडून तिथेच उभा राहिला, घरी येऊन तुम्हाला सांगत बसला, वहीत लिहून ठेवलं, की पेन काढून तिथेच दुरुस्त केली?